नकाशात फणस नसतो

मोजणीदाराला पाहून मनापासून आनंद झालेला माणूस मी एकोणतीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही. ज्याने स्वतः फी भरून अर्ज केलेला असतो त्यालाही धाकधूक असते, की मोजल्यावर आपलीच जमीन कमी निघाली तर? शेजाऱ्याची तर खात्रीच असते, की हा समोरच्याच्या घरी जेवून आला आहे. डॉक्टर आला की माणसं पुढे येतात, पोस्टमन आला की दार उघडतात. मोजणीदार आला की सगळे आपापल्या बांधावर जाऊन उभे राहतात.

या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे ‘कारकिर्दीतले थरारक प्रसंग’ मागितले. मी म्हटलं, मे महिन्यात दुपारी दोन वाजता पाण्याची बाटली संपली आहे हे लक्षात येणं, एवढाच आमच्याकडचा थरार. त्यांना वाटलं मी विनयाने बोलतो आहे. विनय मला कधीच जमला नाही. माझ्याकडे अभिमानाची एकच गोष्ट होती. ती कशी गेली, तेच लिहितो.

आधी थोडं कामाबद्दल. जमीन गावात असते आणि तिचा नकाशा कचेरीत. दोघांची गाठ घालून देणं हे मोजणीदाराचं काम. दोन शेजाऱ्यांचं भांडण झालं की एकजण अर्ज करतो. मग मोजणीदार तीन पायांवरचा लाकडी फळा घेऊन शेतात जातो, त्यावर नकाशा अंथरतो आणि नकाशातल्या जुन्या खुणा जमिनीवर शोधतो. एखादी विहीर, एखादा हद्दीचा दगड. खुणा जुळल्या की त्यांच्यावरून बाकीच्या रेषा काढता येतात. रांगोळीसारखंच हे. पहिले ठिपके बरोबर पडले तर सगळी रांगोळी बरोबर. पहिला ठिपका सरकला तर सगळीच सरकते, आणि गंमत म्हणजे सरकलेली रांगोळीही दिसायला तितकीच सुबक असते.

मोजणी पटली नाही तर पक्षकाराला वरच्या अधिकाऱ्याकडून पुन्हा मोजून मागता येते. तिला आमच्यात निमताना मोजणी म्हणतात. माझ्या कितीतरी मोजण्यांवर निमताना आला. एकही फिरली नाही. माझा अभिमान तो हा. पदक नाही, प्रमाणपत्र नाही, पण कचेरीत नवीन माणूस आला की कोणीतरी त्याच्या कानात सांगायचं, ‘हे प्रधान. यांची मोजणी फिरत नाही.’ आणि मी फायलीत डोकं घालून न ऐकल्यासारखं दाखवायचो.

माणसं मात्र तऱ्हेतऱ्हेची भेटली. पनवेलजवळच्या आपटा गावी एक गृहस्थ मोजणी थांबवायची म्हणून बांधावर आडवे झाले. पोलीस बोलवावे लागतील असं तलाठी म्हणू लागला. मी म्हटलं, राहू द्या, मोजणीची साखळी यांच्या अंगावरून नेतो. तशी नेली. सगळं झाल्यावर गृहस्थ उठले, माती झटकली आणि गंभीरपणे म्हणाले, ‘माझी लांबी धरलीत की सोडलीत?’ मी म्हटलं, ‘सोडली.’ ‘मग ठीक आहे,’ म्हणाले, आणि सही केली. कशाचं समाधान झालं ते मला आजही कळलेलं नाही.

नोकरीला लागलो तेव्हा दळवी नावाचे साहेब होते. अंगाने काटकुळे, डोक्यावर हॅट, आणि हॅटखाली कायम ओला रुमाल. त्यांनी मला दोन गोष्टी शिकवल्या. पहिली, जुन्या काळी हद्दीचा दगड पुरताना खाली कोळसा आणि कौलाचे तुकडे टाकत. कोळसा कुजत नाही. दगड कोणी उपटला तरी खालचा कोळसा जागा सांगतो. दुसरी गोष्ट ते जास्त ठासून सांगायचे. ‘प्रधान, शेंदूर लावलेला दगड दिसला की डोळे मिटून विश्वास ठेवा. आपल्याकडे हद्दीच्या निम्म्या दगडांचे देव झालेत. माणसं एकमेकांचे बांध कोरतात. देव कोरायला कोणी धजत नाही.’

दुसरा नियम मी अनेकदा वापरला. त्यातली एक मोजणी नेरे गावाच्या पुढच्या एका वाडीतली होती. पंचवीसेक वर्षं झाली. दीर आणि विधवा भावजय यांच्या शेतांमधली हद्द होती. अर्ज दिराचा. त्याचं शेत वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठाला, भावजयीचं त्याला लागून आतल्या बाजूला. भावजय पन्नाशीची, नाव ताराबाई. हद्दीवर फणसाचं एक मोठं झाड होतं. शेंदूर लावलेल्या बापदेवाच्या दगडावरून मी रेषा काढली तेव्हा ते झाड बारा-एक फुटांच्या पट्ट्यासकट दिराकडे गेलं.

ताराबाई झाडाजवळ गेल्या. मग म्हणाल्या, ‘साहेब, फनस माजा हाय. लग्नाच्या साली लावलाय. मी पानी घातलाय त्याला.’

मी फळ्यावरून मान वर न करता म्हणालो, ‘मावशी, नकाशात फणस नसतो.’

लोक हसले. दीर सर्वांत मोठ्याने हसला. ताराबाईंनी अंगठा दिला आणि त्या निघून गेल्या. निमतान्याचा अर्जही त्यांनी केला नाही.

हे वाक्य मला फार आवडलं. पुढे कितीतरी वर्षं मी ते कचेरीत, लग्नात, सहलीत सांगितलं. भावनेपेक्षा कागद मोठा, वगैरे तात्पर्य त्याला जोडायची गरज नव्हती. ते आपोआप निघायचं.

बावन्नाव्या वर्षी मी स्वेच्छानिवृत्ती घेतली. लोकांना कारण काय सांगावं हा प्रश्न होता. तब्येतीचं म्हटलं तर लोक भेटायला येतात. खरं कारण असं, की पनवेलच्या आसपासच्या जमिनीला सोन्याचे दिवस आले आणि माझ्या कामातली मजा गेली. पूर्वी माणसं बांधासाठी भांडायची, आता दरासाठी. लग्नाच्या पंगतीत वरणाच्या आधी गुंठ्याचा भाव वाढला जायचा. त्यात नवी यंत्रं आली. काठीच्या टोकाला एक पांढरी टोपी असते, ती आकाशातल्या उपग्रहांना विचारते आणि जागा सांगते. मला वाटलं, आपण माणसांना विचारत होतो. आता त्याची गरज उरली नाही. निघावं.

निवृत्तीबद्दल लोक खूप सांगतात. पेन्शन पगाराच्या निम्मी असते हे सांगतात, पण दिवस दुप्पट होतो हे कोणी सांगत नाही. माझी पत्नी सुनंदा शाळेत शिकवते. तिला अजून सहा वर्षं आहेत. सकाळी साडेसहाला ती बाहेर पडते. सात वाजता माझा चहा संपतो. मग पुढे पूर्ण दिवस एखाद्या न मोजलेल्या माळासारखा पसरलेला.

पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले. संध्याकाळी सुनंदाने पर्स न ठेवताच ते पाहिलं.

‘अहो, हे काय?’

‘रचना केली.’

‘डबे हाताला लागतील तसे लावतात. उंचीप्रमाणे पोरं उभी करतात, कवायतीला.’

दुसऱ्या महिन्यात सोसायटीने पार्किंगच्या रेषा आखून द्यायला सांगितलं. मी टेप लावली. सेक्रेटरींची जागा इतरांपेक्षा नऊ इंच जास्त निघाली. त्यांनी आभार मानले आणि पुन्हा कुठलंच काम सांगितलं नाही. तळ्याकाठी सकाळी हसण्याचा क्लब असतो, तिथेही जाऊन पाहिलं. आठ दिवस मोठ्याने हसलो. नवव्या दिवशी शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, ‘तुम्ही मनापासून हसत नाही, नाही का?’ मी सोडून दिलं.

पैशाची फार ओढाताण झाली नाही, हे सांगायला हवं. गरजा कमी केल्या, एवढंच. पेपर एकच ठेवला. पुस्तकं विकत घेणं बंद करून वाचनालयाचा सभासद झालो. घर सुनंदाच्या पगारावर चालत होतं आणि ती तसं कधी बोलून दाखवत नव्हती. पण महिन्याचा किराणा भरताना मी पाकीट काढलं की ती हळूच म्हणायची, ‘राहू दे, माझ्याकडे सुटे आहेत.’ सुटे कायम तिच्याकडेच असायचे. पैसे कमी पडत नव्हते. कमी पडत होतं ते सकाळी सात वाजता बूट घालायचं कारण.

अशात ज्येष्ठ नागरिक मंडळाने माझा सत्कार ठरवला. वयाने मी अजून ज्येष्ठ नव्हतो, पण वक्ते संपले होते. हॉलच्या दारात फ्लेक्स लावला होता. माझ्या नावाआधी ‘भूमापन महर्षी’ असं छापलेलं. महर्षींचा फोटो आधारकार्डावरून घेतला होता, त्यामुळे महर्षी संशयित दिसत होते. अध्यक्षांनी माझी ओळख करून देताना वीस मिनिटं स्वतःच्या परदेशवारीबद्दल सांगितलं. मग शाल आणि श्रीफळ. शाल दिसायला भारी होती, अंगाला टोचत होती.

मी भाषण चांगलं केलं. आपट्याच्या आडव्या गृहस्थांना हशा मिळाला. शेवटी ठेवणीतला फणस काढला. शेंदूर लावलेल्या दगडाचा नियम सांगितला, विहीर आणि देव यांतून मी देव कसा निवडला ते सांगितलं आणि ‘मावशी, नकाशात फणस नसतो’ यावर थांबलो. टाळ्या झाल्या.

चहाच्या वेळी एक गृहस्थ जवळ आले. पांढरा शर्ट, हातात बिस्किटाची बशी. हिराजी म्हात्रे. तळोज्याच्या एका कारखान्यात तीस वर्षं पाळ्या करून निवृत्त झालेले, आता मुलाकडे पनवेलमध्ये राहतात.

‘साहेब, भाषान मस्त झाला. सगली हसली.’

‘तुम्ही नाही हसलात?’

‘मी त्या वाडीचा.’ त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. ‘तो देव आमी हालवलेला.’

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

‘तुमी मोजायला यायच्या आदी चार पावसाळं. वहाळ दरड खात चालला, देव पान्यात जायला आला. मंग कौल लावला. देवानं उजवा दिला. नारल फोडला, कोंबडा दिला, नि चौघांनी उचलून बारा-एक फूट आत आनला. मी होतो त्या चौघांत. थंडीत खांदा दुखतो आजून.’

‘मग मला कोणी सांगितलं का नाही?’

‘तुमी इचारलं, दगड जुना हाय का. आमी सांगितलं, जुना हाय. आता दगड जुनाच होता, साहेब.’ त्यांनी बशी खाली ठेवली. ‘आज बोललो नसतो. पन ताराबाईचा दीर वारला. त्याचा पोरगा, बबन, जमीन इकतोय फार्महाऊसवाल्याला. तो कुंपन घालनार म्हनतो. फनस तोडनार. वहिनी रोज जाऊन त्याच्याखाली बसते.’

घरी जाताना ती शाल मी स्कूटरच्या डिकीत टाकली. घरात नेली नाही.

माझ्या सगळ्या नोकरीतल्या डायऱ्या माळ्यावर आहेत. दुसऱ्या दिवशी सुनंदा शाळेत गेल्यावर शिडी लावली आणि त्या वर्षाची डायरी काढली. वाडीतल्या मोजणीची नोंद माझ्याच सुवाच्य अक्षरात होती. ‘शिवेवरचा दगड गवतात मिळाला नाही. विहीर व बापदेव यांत बारा फुटांचा फरक. विहीर सरकारी योजनेत नव्याने बांधलेली. सबब बापदेव ग्राह्य.’

म्हणजे विहीर खरं सांगत होती. फरक मला दिसला होता. शिवेवरचा दगड गवत कापून शोधला असता तर तिसरी साक्ष मिळाली असती. पण त्या दिवशी माझ्या तीन मोजण्या होत्या आणि ऊन होतं. दळवी साहेबांचा नियम होताच. मी तीन फुटांच्या गवताऐवजी एक वाक्य वापरलं.

तीन आठवडे मी काहीही केलं नाही. हे कबूल करायला हवं. निमतान्याची मुदत केव्हाच संपली होती. माझ्यावर कारवाई होण्याचा प्रश्न नव्हता. हिराजी लेखी काही देणार नव्हते. मी गप्प बसलो असतो तर माझी एकही मोजणी न फिरल्याचा लौकिक शाबूत राहिला असता आणि वाडीतला एक फणस तुटला असता. निवृत्त माणसाकडे फार थोडं उरतं. माझ्याकडे ते एकच उरलं होतं. ते आपल्या हाताने नेऊन द्यायचं म्हणजे मग रोज सकाळी सात वाजता नेमकं कोण उठणार, हे मला कळेना.

डायरी जेवणाच्या टेबलावर पडून राहिली. सुनंदाने एके दिवशी ती वाचली. भाजी निवडत म्हणाली, ‘पेपर तपासून दिल्यावर माझी चूक सापडली तर मी वर्गात सांगते आणि पेपर परत मागवते. पोरं हसतात. पहिल्या वेळी फार वाईट वाटलं होतं.’

‘मग?’

‘मग काही नाही. मार्क वाढवते.’

दुसऱ्या दिवशी वाडीला गेलो.

ताराबाई फणसाखालीच होत्या. आता पंचाहत्तरीच्या पुढच्या, पाठ वाकलेली, समोर सुपात वाल. मी नाव सांगू लागलो, तर त्यांनी हात वर केला.

‘वलखला. नकाशात फनस नसतो म्हनाला तो तूच ना?’

मी म्हटलं, मीच. मग उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. देव, विहीर, गवत. त्यांचे हात वाल निवडत राहिले.

‘म्हनजे तू चुकलास.’

‘हो.’

‘नि हे सांगायला तुला पंचवीस वर्सं लागली? रिटायर झालास म्हनून येळ मिळाला व्हय?’

मी विचारलं, ‘मावशी, देव हलवलाय हे तुम्ही तेव्हा का नाही बोललात?’

‘मला वाटलं साहेबाला म्हाईत आसल. तुमच्या नकाशात सगला आसतो ना? एक माजा फनस सोडून.’ त्यांनी एक किडका वाल लांब फेकला. ‘नि दिराला ठावं होता. तो गप बसला. देवाचं नाव घेऊन मी एकली बाई भांडू कोनाशी?’

नव्या मोजणीचा अर्ज त्यांच्या नावाने मीच लिहिला. सोबत माझा जबाब जोडला. माझी मोजणी चुकीच्या खुणेवरून झाली, असं स्वच्छ लिहिलं आणि खाली सही केली. कचेरीतल्या क्लार्कने तो दोनदा वाचला. मग मला बसायला खुर्ची दिली. इतक्या वर्षांत तिथे मला कोणी खुर्ची दिली नव्हती, कारण माझी स्वतःची होती.

नोटीस गेल्यावर बबन घरी आला. चाळिशीचा, गळ्यात जाड सोनसाखळी, बोलताना मोबाइल टेबलावर आपटायची सवय. घेणारं गिऱ्हाईक थांबलं होतं. वादातली जमीन कोणी घेत नाही.

‘साहेब, तुमच्याच सहीचा नकाशा हाय माज्याकडं. तुमचीच सही आता खोटी म्हनताव?’

‘सही खरी आहे.’

‘मंग?’

‘मोजणी माझी, आणि चूकही माझी. तुझी नाही.’

‘म्हातारीनं किती दिलं तुमाला?’

सुनंदा आतून चहा घेऊन आली. कप त्याच्यासमोर ठेवत म्हणाली, ‘काही दिलं असतं तर बरं झालं असतं. स्वयंपाकघरातली मांडणी बदलायची आहे आम्हाला.’ बबनने चहा मात्र पूर्ण प्यायला.

मोजणी मे महिन्यात झाली. मोजणीदार मॅडम तिशीच्या, डोक्यावर टोपी, हातात पांढऱ्या टोपीची काठी. मी नकाशाजवळ गेलो तसं त्यांनी विचारलं, ‘काका, तुम्ही अर्जदार का?’

‘नाही.’

‘लगतचे?’

‘नाही.’

‘मग जरा त्या सावलीत थांबा. यंत्राजवळ गर्दी नको.’

हे वाक्य मी हजारदा म्हटलं असेन. आज पहिल्यांदा ऐकलं. फणसाच्या सावलीत ताराबाईंच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. तिथून मोजणीदार फार लहान दिसतो आणि काय करतो आहे ते काही कळत नाही. तो कोणाशी हसून बोलला की तो त्याचाच माणूस वाटतो. एकोणतीस वर्षं मी लोकांना चिडके समजत होतो.

यंत्राने उपग्रहांना विचारलं आणि चटकन उत्तर दिलं. पण ते उत्तर नकाशाला जोडायचं तर कुठल्या खुणेवर विश्वास ठेवायचा, हे आकाशाला माहीत नव्हतं. विहीर आणि देव आजही बारा फुटांनी भांडत होते. शिवेवरचा दगड रस्त्याच्या कामात केव्हाच नाहीसा झाला होता. मॅडमनी माझा जबाब काढला, वाचला आणि सावलीकडे पाहिलं.

‘प्रधान म्हणजे तुम्ही?’

‘हो.’

‘आमचे साहेब तुमचं नाव सांगतात.’

‘आता जपून सांगा म्हणावं.’

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, ‘देवाची जुनी जागा दाखवेल असं कोणी आहे?’

हिराजी पुढे झाले. वहाळाला मागाहून दगडी भिंत बांधली होती, त्यामुळे काठ पुढे ढासळला नव्हता. त्यांनी भिंतीलगत चार पावलं इकडे-तिकडे टाकली आणि टाच रोवली. ‘हितं.’

खणलं. हातभर मातीनंतर कुदळ कशाला तरी लागून आवाज झाला. कौलाचे तुकडे. त्यांच्याखाली कोळसा, काळाभोर, परवा पुरल्यासारखा. दळवी साहेबांची पहिली गोष्ट खरी होती. मी दुसरीच्या नादात ती विसरलो होतो. मॅडमनी काठी तिथे रोवली. विहीर जुळली.

बबन खड्ड्याच्या कडेला उभा होता. त्याने हिराजींना विचारलं, ‘काका, देव उचलनाऱ्या चौघांत आमचा म्हातारा होता?’

हिराजींनी जरा आठवून पाहिलं. ‘होता ना. म्होरं, डाव्या अंगाला.’

बबनने मोबाइल खिशात घातला. ‘द्या, कुठं सही करू.’ ताराबाईंकडे न बघता त्याने सही केली आणि जाताना बापदेवासमोर वाकला. माझ्यासमोरून मात्र तसाच गेला.

नवा नकाशा जूनच्या सुरुवातीला मिळाला. ताराबाईंना वाचता येत नाही, म्हणून त्यांची प्रत मीच घेऊन गेलो. हद्दीच्या रेषेच्या थोडं आत, ताराबाईंच्या बाजूला, मॅडमनी एक बारीक वर्तुळ काढलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, ‘फणस.’ काढायची सक्ती नव्हती. हरकतही नव्हती. मलाही तेव्हा तो काढता आला असता.

मी ताराबाईंचं बोट धरून त्या वर्तुळावर ठेवलं. ‘मावशी, हा तुमचा फणस.’

त्यांनी नकाशा डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग डोक्यावरच्या झाडाकडे पाहिलं.

‘येवढाच?’

मी प्रमाण म्हणजे काय ते सांगू लागणार होतो. नाही सांगितलं.

निघताना त्यांनी एक फणस पुढे केला, पिकायला आलेला, दहा-एक किलोचा. नको म्हणायचा प्रश्न नव्हता. देठातून चीक गळत होता. डिकी उघडली तर ‘भूमापन महर्षी’ची शाल तिथेच होती. फणस तिच्यात गुंडाळला, पुढे पायाशी ठेवला आणि पनवेलला आलो. सुनंदाने शाल रॉकेलने पुसली, तेल लावून घासली, दोनदा धुतली. चीक निघाला नाही. गरे मात्र पाच दिवस पुरले.

डायऱ्या एकूण एकोणतीस आहेत. त्यातल्या चौदा तपासून झाल्या. ‘देव ग्राह्य’ असा शेरा असलेल्या मोजण्या आतापर्यंत नऊ सापडल्या. सुनंदा शाळेत गेली की मी चहा घेतो, बूट घालतो आणि स्कूटर काढतो. गावात पोचलो की दगड जुना आहे का, असं आता विचारत नाही. देव कधी हलवला होता का, असं विचारतो. लोक आधी दचकतात. मग कोणीतरी म्हातारं माणूस म्हणतं, ‘बसा.’ शाल डिकीतच असते. बांधावर अंथरून बसायला ती बरी पडते.